नवीन माइट सापडलाय? वर्णन कसं लिहायचं ते सांगतो

मराठीत माइटलाही कोळीच म्हणतात, पण मग जाळ्यातला कोळी की हा असा घोळ होतो म्हणून मी सरळ माइटच लिहितोय. नवीन प्रजाती वाटली की लोक आधी नाव शोधत बसतात, ते राहू द्या, आधी स्लाइड नीट करा. एरिओफिड माइट (झाडांवर जगणारे, अळीसारखे लांबट) जेमतेम ०.२ मिमीचे असतात, स्लाइडच गढूळ असेल तर पुढे लिहिणार काय?

नमुना ७०% अल्कोहोलमधून काढून लॅक्टिक ॲसिडमध्ये पारदर्शक होईपर्यंत ठेवायचा, मग हॉयर्स मीडियममध्ये (स्लाइडवर नमुना बसवायचं डिंकासारखं द्रावण) बसवायचा आणि ४५ ते ५० अंशांवर आठवडाभर वाळवून कव्हरस्लिपची कड सील करायची, कारण हॉयर्स हवेतला ओलावा ओढतं. काही नमुने पाठ वर, काही पोट वर. स्पायडर माइटचा (पानांवर बारीक जाळी करणारा गट) नर मात्र कुशीवरच हवा, कारण तिथे प्रजाती ठरते ती नराच्या एडीगसच्या, म्हणजे जननेंद्रियाच्या, बाजूने दिसणाऱ्या आकारावर. माझ्याकडे एकदा एकच नर होता आणि तो मी मस्त पालथा चपटा करून ठेवला, झालं, काम तिथेच अडकलं.

आता मायक्रोस्कोप. फेज काँट्रास्ट किंवा डीआयसी (पारदर्शक नमुन्याच्या कडा ठळक दाखवणाऱ्या पद्धती) आणि १०० एक्सची ऑइल लेन्स, त्याशिवाय केस मोजण्याच्या भानगडीत पडू नका. आणि लिहायच्या आधी चित्र काढा, ड्रॉइंग ट्यूब (नमुना आणि कागद एकत्र दाखवणारी नळी) लावून, स्केल बारसकट म्हणजे मापाच्या रेघेसकट. फोटो काढला की झालं असं वाटतं पण फोटोत एका वेळी एकच पातळी स्पष्ट येते, आणि चित्र काढताना हात प्रत्येक केसापाशी थांबतो, तेव्हाच लक्षात येतं की अरे, डावीकडे एक जास्त आहे.

क्रम साधारण असा: पाठ, पोट, पुढचा तोंडाचा भाग म्हणजे ग्नॅथोसोमा (त्यात चेलिसेरा म्हणजे चावायचे-टोचायचे अवयव, आणि पाल्प म्हणजे तोंडाजवळच्या स्पर्शिका), शेवटी पाय. प्रौढाला पायांच्या चार जोड्या, अळीला तीन, एरिओफिडला फक्त दोन. पायाचे भाग कॉक्सा, ट्रोकँटर, फीमर, जेनू, टिबिया, टार्सस, आणि प्रत्येकावर किती केस ते मोजायचं. खरी मारामारी इथेच आहे. केस म्हणजे सीटा, यांना ठरलेली नावं असतात, फायटोसिइड (दुसरे माइट खाणारे शिकारी माइट) गटात पाठीवरच्या केसांना जे, झेड, एस, आर अशी अक्षरं आणि पुढे आकडा, पुढच्या अर्ध्या भागात लहान लिपी, मागच्या अर्ध्यात मोठी. कोणती पद्धत वापरली ते सुरुवातीलाच लिहा, मध्येच बदललीत तर वाचणारा वेडा होईल. सोलेनिडिया हे संवेदनेचे अवयव, दिसायला केसासारखेच पण वेगळे, स्पायडर माइट आणि ऑरिबॅटिड (मातीतले, बहुतेक कडक कवचाचे माइट) ज्या मोठ्या शाखेत येतात तिथे पोलराइज्ड प्रकाशात साधे केस चमकतात आणि सोलेनिडिया काळे राहतात, शंका आली की हे करून बघा.

प्रत्येक गटाची एक दुखरी नस असते, फायटोसिइड मादीत स्पर्मथिका (शुक्राणू साठवायची पिशवी), एरिओफिडमध्ये पाठीच्या ढालीवरची नक्षी आणि फेदर क्लॉचे (पायाच्या टोकाची पिसासारखी नखी) फाटे, ऑरिबॅटिडमध्ये सेन्सिलसचा (पाठीच्या पुढच्या भागावरचा खास संवेदी केस) आकार. तिथे शब्दांची कंजूषी नको, बाकी ठिकाणी आटपा.

मापं मायक्रॉनमध्ये, आधी होलोटाइपचं (नाव ज्या एका नमुन्यावर टेकतं तो) माप, कंसात पॅराटाइपची (वर्णनात वापरलेले बाकीचे नमुने) रेंज. शरीराची लांबी ग्नॅथोसोमा धरून की सोडून हे नक्की लिहा, या एका गोष्टीने तुलना पार बिघडते. भाषा टेलिग्रामच्या तारेसारखी, क्रियापदं शक्यतो नाहीत: 'पाठीची ढाल जाळीदार, केस गुळगुळीत, शेवटची जोडी दातेरी'. 'बऱ्यापैकी लांब' वगैरे चालत नाही, कशाच्या तुलनेत लांब ते सांगा.

मग जवळच्या प्रजातीशी फरक, दोन-तीन ठोस मुद्दे, आणि एकाच नमुन्यातला वाकडा केस पकडून नवी प्रजाती करू नका प्लीज. १९९९ नंतर छापलेल्या नावासाठी प्रजाती नवी आहे हे स्पष्ट लिहावं लागतं, होलोटाइप ठरवावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात ठेवणार तेही सांगावं लागतं. फक्त ऑनलाइन छापणार असाल तर झूबँकची (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणीही हवी. आणि एकाच स्लाइडवर पाच नमुने असतील तर होलोटाइपभोवती गोल करून ठेवा, नाहीतर नंतर बघणारा पाचातला कुठला म्हणून डोकं खाजवत बसेल.