जुने संगणक, नवा टीव्ही: रविवारची तयारी

येत्या रविवारी नाशिकच्या कॉलेज रोडवर आपण आपापली जुनी यंत्रं घेऊन जमतोय. यंदा मुलंही येणार आहेत आणि समोर मोठा एलईडी टीव्ही असेल. म्हणून तयारीत सगळ्यात जास्त वेळ लॅगला, म्हणजे कळ दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतच्या उशिराला, द्या. कळ दाबल्यावर पडद्यावरचा गडी उशिरा उडाला, तर मुलांना वाटतं की जुना संगणकच मंद होता. हा त्या यंत्रावर अन्याय आहे. स्पेक्ट्रम हा ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक सेकंदाला 50 वेळा कीबोर्ड तपासतो, म्हणजे त्याचा स्वतःचा उशीर साधारण 20 मिलिसेकंदांच्या आतला. बाकीचा सगळा उशीर टीव्ही आणि मधला कन्व्हर्टर (जुना सिग्नल एचडीएमआयमध्ये बदलणारा डबा) लावतात.

पण आधी वीज. नाशिकचा पावसाळा नुकताच अंगावरून गेलेला असेल, तर बीबीसी मायक्रो या जुन्या ब्रिटिश संगणकाचा पॉवर सप्लाय उघडून बघितल्याशिवाय प्लग लावू नका. त्यातले मेन्स फिल्टरचे (घरच्या विजेतला गोंगाट गाळणारे) कागदी कपॅसिटर दमट हवा शोषतात, त्यांच्या कवचाला तडे जातात आणि चालू केल्यावर खोलीभर धूर होतो. तडा दिसला की बदला. हे काम सवयीच्या माणसाकडून करून घ्या. कमोडोर 64 या संगणकाचा मूळ ॲडॅप्टर आणणाऱ्यांनी 5 व्होल्टची पिन मल्टिमीटरने मोजावी. सव्वापाचच्या वर आकडा गेला तर तो ॲडॅप्टर घरीच ठेवा, कारण तो मेमरीच्या चिप जाळतो. स्पेक्ट्रमच्या 9 व्होल्ट पिनेत मधला भाग ऋण असतो. बाजारातले बहुतेक ॲडॅप्टर उलटे असतात.

आता चित्राचं मूळ दुखणं. पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत 625 ओळी दोन हप्त्यांत येतात, एकाआड एक. आपले संगणक मात्र दर वेळी 312 ओळींचं पूर्ण चित्र पाठवतात. नवा टीव्ही त्यांनाही अर्धी चित्रं समजतो, दोन-दोन जोडत बसतो, आणि त्यात चित्र थरथरतं, शिवाय उशीर होतो. स्वस्तातले स्कार्ट-एचडीएमआय डबे (स्कार्ट म्हणजे जुन्या युरोपीय टीव्हीची जोडणी) तर पूर्ण चित्र साठवून 50 वरून 60 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 60 चित्रांवर, नेतात. मग सरकणारं चित्र दर पाच फ्रेमनंतर अडखळतं. म्हणून ओळी दुप्पट करणारं यंत्र हवं, चित्र साठवणारं नको. अमिगा संगणकासारखं आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांतून) देणारं यंत्र असेल तर ओएसएससी हे ओळी दुप्पट करणारं यंत्र उत्तम. त्याचा उशीर जाणवतच नाही. पण ते कंपोझिट (सगळं चित्र एकाच तारेतून) किंवा एस-व्हिडिओ (प्रकाश आणि रंग दोन तारांतून) घेत नाही, हे विसरून कुणी हात हलवत येऊ नये. कमोडोर 64 आणि पुण्यात बनलेला डीबी स्पेक्ट्रम (स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती) यांच्यासाठी हे दोन्ही घेणारा रेट्रोटिंक 2एक्स हा डबा बरा. कमोडोरची एस-व्हिडिओ केबल आवर्जून आणा. प्रकाश आणि रंग वेगळे गेले की अक्षरांच्या कडांवरची मुंग्यांची रांग जाते. स्पेक्ट्रमची आरएफ तार (टीव्हीच्या अँटेनाच्या खाचेत जाणारी) मात्र नकोच. आरएफ सिग्नल बनवणारा आतला मॉड्युलेटर वगळून कंपोझिट बाहेर काढून घ्या.

बीबीसी मायक्रोबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण 1984 च्या क्लास या शाळांत संगणक शिकवण्याच्या सरकारी प्रकल्पातून आपल्याकडच्या कित्येक शाळांत हीच यंत्रं पोहोचली होती. त्याचं आरजीबी डिजिटल असतं, 5 व्होल्टच्या पातळीचं. ते थेट ॲनालॉग इनपुटला जोडू नका. रास्पबेरी पाय झीरो या चिमुकल्या संगणकावर चालणारा आरजीबीटूएचडीएमआय हा जोड डिजिटल सिग्नल जसाच्या तसा वाचतो, आणि त्यात जेनलॉक चालू ठेवला की टीव्हीचा वेग संगणकाच्या वेगाला बांधला जातो. टेलिटेक्स्टची (टीव्हीवरच्या मजकुराच्या पानांची) अक्षरं इतकी कोरीव मी दुसऱ्या कशावरही पाहिली नाहीत. फक्त पाय झीरोचं तोंड मिनी एचडीएमआय असतं, तेव्हा ती केबल एमजी रोडवरून शनिवारीच घेऊन ठेवा. पाय झीरोचं एसडी कार्डही त्याचं सॉफ्टवेअर लिहून, चालवून आणा.

टीव्हीला गेम मोड लावा. स्टँडर्ड मोडमध्ये शंभरेक मिलिसेकंद सहज जातात. मोशन, नॉइज रिडक्शन, ऑटो कॉन्ट्रास्ट, सगळं बंद. चित्र 4:3 ठेवा, ताणू नका. आपल्याकडचे टीव्ही 50 हर्ट्झ निमूट घेतात, संगणकाचे मॉनिटर पुष्कळदा घेत नाहीत. मॉनिटर आणणार असाल तर घरी एकदा लावून बघा. कमोडोर नेमका 50 नाही तर 50.12 हर्ट्झ देतो, त्यामुळेही एखादा पडदा काळा पडतो.

शेवटी मोजणी. कळ दाबताच कडेचा रंग बदलणारा छोटासा प्रोग्राम बेसिक या संगणकातल्याच भाषेत लिहा, बोट आणि पडदा एकत्र दिसतील असा फोन धरा आणि सेकंदाला 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये टिपा. एक फ्रेम म्हणजे साधारण 4 मिलिसेकंद. मग तेच जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर करा. दोन्हींतला फरक म्हणजे नव्या साखळीचा उशीर. तो 20 मिलिसेकंदांच्या आत आला तर ते यंत्र मुलांसमोर मांडायचं. जास्त आला तर आधी मधला डबा बदला, मग टीव्हीची दुसरी एचडीएमआय खाच वापरून बघा. तरीही जमेना तर ते यंत्र माझ्या ट्यूबच्या टीव्हीला जोडू, तो मी आणतोच आहे. दारात उतरवायला दोघं जण लागतील.