अलंग-मदन-कुलंग: ट्रेकची आखणी

कळसूबाई रांगेतल्या या तीन किल्ल्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पावसाळ्यात कातळ शेवाळतो, उन्हाळ्यात पाण्याची काही टाकी आटतात. कसारा किंवा इगतपुरीहून घोटीमार्गे आंबेवाडी गाठा आणि वाटाड्या तिथूनच घ्या. खालच्या जंगलात ढोरवाटा (गुरांच्या पायवाटा) फार आहेत, वाट चुकते.

पहिला मुक्काम अलंगच्या गुहेत, दुसऱ्या दिवशी मदन करून कुलंग, तिसऱ्या दिवशी उतरणे, ही आखणी उत्तम. दोनच दिवसांत उरकायला गेलात तर कुलंग हमखास अंधारात चढावा लागतो.

खरी परीक्षा अलंग आणि मदनच्या कातळटप्प्यांची. 1818 मध्ये इंग्रजांनी पायऱ्या उडवल्यामुळे तिथे दोराशिवाय इलाज नाही. प्रत्येकाला हार्नेस (कमर-मांड्यांना बांधायचा पट्टा), हेल्मेट, डिसेंडर (दोरावरून उतरताना वेग आवरणारे साधन) आणि लॉकवाली कॅराबिनर (धातूची कडी) हवीच. दोर लावणारा अनुभवी माणूसही हवा. रॅपलिंगआधी, म्हणजे दोरावरून उतरण्याआधी, दोराच्या टोकाला गाठ मारली आहे का, ते स्वतः पाहा. ती नसेल आणि दोर आखूड पडला, तर माणूस थेट टोकावरून निसटतो. मोकळे केस, ओढणी, सॅकचे लोंबते पट्टे आत खोचा. डिसेंडरमध्ये अडकले की माणूस मध्येच लटकतो. वरून दगड सुटतात, म्हणून रांगेतल्यांनी टप्प्याच्या थेट खाली थांबू नये. माणशी 10 मिनिटे धरली तरी 12 जणांना एका टप्प्यावर दोन तास लागतात. यामुळेच मोठा गट नको.

कुलंगला दोर लागत नाही, पण चढ दमछाक करणारा. माणशी 4 लिटर पाणी घेऊनच निघा. टाक्यांचे पाणी गाळून, उकळून प्या.