ऑर्किडची कुंडी आणि पाणी: या चुका टाळा

ऑर्किडची पानं सुरकुतली की हात आधी झारीकडे जातो. तो आवरा आणि मुळं बघा. पाणी कमी पडलं तरी पानं लुळी पडतात आणि जास्त पाण्याने मुळं कुजली तरीही, कारण कुजलेलं मूळ पाणी ओढूच शकत नाही. मूळ दोन बोटांत धरून हलकं दाबा. टणक लागलं तर जिवंत आहे. पिचपिचीत लागलं, वरचं आवरण सुटून आत नुसता दोरा उरला, तर ते गेलं. अशी मुळं स्वच्छ कात्रीने कापा आणि रोप नव्या माध्यमात, म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरतात त्या झाडाच्या सालीच्या तुकड्यांत, लावा.

घरात बहुतेकांकडे असतं ते फॅलेनॉप्सिस. मूळचं ते झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढणारं. मुळांवरचं स्पंजासारखं आवरण पावसात पाणी शोषतं आणि मग वाऱ्यावर सुकतं. म्हणून साधी माती त्याला चालत नाही. सालीचे जाड तुकडे आणि थोडा कोळसा हवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'वाढायला जागा असू दे' म्हणून घेतलेली मोठी कुंडी. मुळं जिथे पोचलेली नाहीत तिथलं माध्यम दिवसेंदिवस ओलं राहतं आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते. मुळांचा गुंता जेमतेम मावेल एवढीच कुंडी घ्या. बदलताना 2-3 सेंमी मोठी पुरे. नवख्यांनी तर भोकं असलेली पारदर्शक प्लास्टिकचीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मुळं चंदेरी-पांढरी दिसली की पाणी द्यायचं, हिरवी असतील तर थांबायचं. मातीची कुंडी लवकर सुकते, दमट हवेत ते बरंच. पण मुळं तिला घट्ट चिकटतात आणि काढताना तुटतात. बिनभोकाची शोभेची कुंडी फक्त बाहेरून मिरवायला. पाणी देताना आतली कुंडी बाहेर काढा, पूर्ण निथळली की परत ठेवा.

वार ठरवून पाणी देऊ नका; पावसाळी हवेतला आठवडा आणि कडक उन्हाळ्यातला आठवडा सारखा नसतो. घोट घोट पाणीही नको. खालून वाहेपर्यंत भरपूर द्या आणि मग सुकू द्या. पाण्याऐवजी कुंडीत बर्फाचे खडे ठेवायची टूम मला पटत नाही. उष्ण प्रदेशातल्या मुळांना गारठा कशाला? पानांच्या मधल्या बेचक्यात पाणी साचलं तर टिशूने टिपून घ्या, नाहीतर शेंडाच कुजतो आणि फॅलेनॉप्सिसला दुसरा शेंडा सहसा येत नाही.

विकत आणलेल्या रोपात एक गोष्ट लपलेली असू शकते: मुळांच्या मधोमध ओलावा धरणाऱ्या शेवाळाचा (मॉसचा) घट्ट गोळा. वरची साल कोरडी ठाक दिसते, आत मात्र चिखल. फुलं गळली की कुंडी बदलताना तो बोटांनी मोकळा करून काढून टाका.