बुइयाबेसवरचा तेलाचा तवंग कसा गेला

फ्रान्समधल्या मार्सेयमध्ये राहून बुइयाबेस, म्हणजे इथला मासळीचा रस्सा, घरी करायचं म्हटलं, तर मासळीची चिंता नसते. जुन्या बंदरावर सकाळी रास्कास, वाम, काय हवं ते मिळतं. माझी अडचण वेगळीच होती: वर ऑलिव्ह तेल तरंगायचं आणि खाली पाणचट रस्सा. मिसळीवर तर्री शोभते, इथे नाही. हा रस्सा एकजीव आणि दाटसर हवा.

उपाय आचेत निघाला. मासळीचा रस्सा एरवी मंद आचेवर ठेवतात, हा त्याला अपवाद. कांदा, लसूण, टोमॅटो, बडीशेपेचा कंद तेलात परतून त्यात खडकांतले छोटे मासे आणि मोठ्या माशांची डोकी घातली (कल्ले काढून, नाहीतर कडवटपणा येतो). उकळतं पाणी ओतलं आणि गॅस मोठाच ठेवला. खळखळ उकळीत तेलाचे बारीक थेंब होतात, आणि काट्यांतून सुटणारं जिलेटिन ते पुन्हा एकत्र येऊ देत नाही. मग सगळं चाळणीतून दाबून गाळलं. केशर, संत्र्याच्या सालीचा तुकडा, आणि शेवटी मोठे मासे: घट्ट मांसाचे आधी, नाजूक मागाहून.

1980 साली इथल्या रेस्टॉरंटवाल्यांनी सनद केली, त्यानुसार ठरलेल्या यादीतले किमान चार प्रकारचे मासे लागतात. घरी मी तिनांवरही भागवते, कुणी तपासायला येत नाही. सोबत रुय, म्हणजे लसूण-मिरची-केशराचा दाट सॉस, लावलेला कुरकुरीत पाव. मासे मात्र वेगळ्या ताटात वाढायचे.