फ्लाइटच्या आधीच देशात शिरायची परवानगी रद्द झाली तर काय करायचं

तिकीट काढून झालंय, बॅगा भरत आल्यात आणि अचानक मेल येतो की तुमचा व्हिसा किंवा ऑनलाइन परवानगी रद्द झाली. बहुतेक जण घाबरून आधी एअरलाइनला फोन लावतात, पण परवानगी देणं किंवा काढून घेणं त्यांच्या हातात नसतंच. चेक-इनला ते फक्त परवानगी आहे का बघतात, नसेल तर बोर्डिंग पास देत नाहीत, कारण कागदपत्रं नसलेला प्रवासी नेला तर दंड आणि त्याला परत आणायची जबाबदारी त्यांच्यावर येते. त्यामुळे काउंटरवर भांडण्यात वेळ घालवू नका.

आधी खात्री करा. असे खोटे मेल खूप फिरतात, म्हणून मेलमधल्या लिंकवर क्लिक न करता त्या देशाच्या सरकारी साइटवर स्वतः जाऊन स्टेटस बघा. अमेरिकेच्या ईएस्टाचं, म्हणजे काही देशांच्या नागरिकांना व्हिसाऐवजी मिळणाऱ्या ऑनलाइन परवानगीचं, स्टेटस त्याच्या साइटवर कळतं, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा तिथल्या सरकारच्या व्हेवो या ऑनलाइन सेवेवर तपासता येतो. आणि पासपोर्टवर स्टिकर तसाच दिसतोय म्हणून निश्चिंत राहू नका, व्हिसा सिस्टममधून रद्द झाला असेल तर तो स्टिकर चालत नाही.

मग कारण शोधा, सगळा जोर इथे लावा. कधीकधी कारण अगदी साधं असतं, पासपोर्ट नवीन काढला एवढंच. ईएस्टा २ वर्षं चालतो, कॅनडाची तशीच ऑनलाइन परवानगी, ईटीए, ५ वर्षांपर्यंत, पण दोन्ही पासपोर्टला जोडलेले असतात, पासपोर्ट बदलला की जुनी परवानगी संपली. अर्जात पासपोर्ट नंबरचा एक आकडा चुकला तरी तीच गत. अशा वेळी नवीन अर्ज करायचा, बऱ्याचदा लवकर मंजूर होतो, पण ईएस्टासाठी निदान ७२ तास आधी अर्ज करा असं अमेरिका स्वतःच सांगते, त्यामुळे शेवटच्या रात्रीवर ठेवू नका.

कारण मोठं असेल तर पुन्हा पुन्हा अर्ज करून काही होत नाही. उदाहरणार्थ १ मार्च २०११ नंतर इराण, इराक, सीरिया अशा देशांत किंवा १२ जानेवारी २०२१ नंतर क्युबात जाऊन आलेल्यांना काही मोजके अपवाद सोडले तर ईएस्टा मिळत नाही, त्यांना वकिलातीतून रीतसर व्हिसाच काढावा लागतो आणि त्याला मुलाखत वगैरे धरून वेळ लागतो. घरात कोणी गंभीर आजारी असेल किंवा मृत्यू झाला असेल तर तातडीची अपॉइंटमेंट मागता येते, तेव्हा पुरावे सोबत जोडा.

एक मनापासून सांगतो, नकार आला म्हणून उत्तरं बदलून दुसरा अर्ज अजिबात टाकू नका. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडा ५ वर्षं दारं बंद करतो, अमेरिकेत तर बंदी कायमची असू शकते. एक ट्रिप बुडणं त्यापुढे काहीच नाही.

आता तिकीट. परवानगी वेळेत मिळणार नाही असं दिसलं की विमान सुटायच्या आधी तिकीट रद्द करा किंवा तारीख पुढे ढकला. न सांगता गेलाच नाहीत तर नो-शो लागतो, आणि मग बऱ्याचदा परतीचं तिकीटही रद्द होतं. तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी न वापरलेले एअरपोर्ट टॅक्स परत मागा, काही एअरलाइन देतात. इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नका, व्हिसा नाकारल्यामुळे रद्द झालेला प्रवास बऱ्याच पॉलिसीत कव्हर नसतो, तरी अटी वाचून घ्या. ज्या देशाची परवानगी गेली तिथे फक्त विमान बदलायचं असेल तर दुसऱ्या मार्गाचं तिकीट शोधा, अमेरिकेत तर ट्रान्झिटलाही व्हिसा किंवा ईएस्टा लागतोच.

रद्द झाल्याचा मेल, स्टेटसचा स्क्रीनशॉट, एअरलाइनशी झालेलं बोलणं सगळं जपून ठेवा. अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये पूर्वी ईएस्टा नाकारला होता का, व्हिसा रद्द झाला होता का हे विचारतात, तिथे खरं तेच लिहायचं आणि कारण थोडक्यात द्यायचं.