पठाणकोट ओलांडलं आणि फोन मुका झाला

हे फौजेत आहेत, ह्यांची बदली काश्मीरला झाली. पठाणकोटपर्यंत बोलणं झालं, मग फोन मुका. चार दिवस सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. कारण साधंच निघालं: बाहेरची प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड लागतं. ते तिथल्या सोबत्याच्या फोनवरून कळलं. इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दुकानदाराने रिचार्ज मारताना अवाक्षर काढलं नव्हतं!

नंबर पोस्टपेड केला, तरी चौकीवर रेंज येते-जाते. म्हणून आता कॉलची वाट बघत नाही, व्हॉइस मेसेज टाकून ठेवते. रेंज आली की ते ऐकतात. परवा सासूबाईंनी चकली फोनजवळ नेऊन कडकन मोडली, "ऐक रे, खुसखुशीत झालीय!"

फराळ पाठवताना मात्र चुकले. पत्त्यावर गावाचं नाव घातलं, पार्सल महिन्याने परत. चिवडा सादळलेला. इथल्या महाराज बाडा चौकातल्या पोस्टातल्या काकांनी पत्ता नीट लिहून घेतला: आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट, ९ ने सुरू होणारा पिन, मार्फत ५६ एपीओ (म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस). गाव, जिल्हा काहीच नाही. जवान कुठे आहे ते पाकिटावरून कळता कामा नये.

दुसरं पार्सल पोचलं. ह्यांचा मेसेज आला, "लाडू मला दोनच मिळाले."