लेखनाच्या तासाला डिजिटल पोर्टफोलिओ: शिक्षकांचं प्रशिक्षण कसं घ्यावं

डिजिटल पोर्टफोलिओ म्हणजे मुलाच्या लेखनाचा स्कॅन करून जपलेला संग्रह. त्यासाठीच्या शिक्षक-प्रशिक्षणाचा साचा ठरलेला असतो: पन्नास स्लाइड, त्यातल्या निम्म्या पोर्टफोलिओच्या व्याख्येवर, आणि शेवटी गटफोटो. शिक्षक शाळेत परततात आणि मार्चमध्ये मुलांच्या सुवाच्य निबंधांचे फोटो एका फोल्डरमध्ये टाकून मोकळे होतात. ही झाली अडगळीची खोली. लेखनाच्या पोर्टफोलिओत कच्चा मसुदा, त्यावर शिक्षकाने विचारलेले प्रश्न, सुधारलेला मसुदा आणि मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली चार ओळींची नोंद, एवढं लागतंच. यातलं एक जरी गळलं तरी मूल कुठून कुठे आलं ते दिसत नाही.

वेळ आणि माणसं. अर्ध्या दिवसाची दोन सत्रं, मध्ये तीन आठवडे. 25 शिक्षकांमागे दोन मार्गदर्शक. शिक्षकाचा फोन पुरतो, संगणक कक्षाची किल्ली शोधत बसू नका.

साठवण. गूगल ड्राइव्हवर इयत्तेचं एक फोल्डर, त्यात प्रत्येक मुलाचं एक. फाइलचं नाव हजेरी क्रमांकाने सुरू करा आणि एक आकडी क्रमांकाआधी शून्य लावा: ‘07_जत्रा_1कच्चा’, ‘07_जत्रा_2सुधारित’. शून्य विसरलात तर एखाद्या फोनवर 10 क्रमांक 2 च्या आधी येऊन बसतो. जागेची काळजी नको. 40 मुलं, वर्षाला 6 लेख, प्रत्येकाचे दोन मसुदे, मसुद्याला दोन पानं, म्हणजे 960 पानं. पानाला एक एमबी धरली तरी एका जीबीच्या आतबाहेर. फुकट खात्यात 15 जीबी मिळते. फोटो व्हॉट्सॲपवरून मागवू नका. तिथे ते दाबले जातात, पेन्सिलीचं फिकट अक्षर पुसट होतं आणि कोणतं पान कोणाचं ते शोधण्यात संध्याकाळ जाते. ड्राइव्हच्याच ॲपमधून, खिडकीपाशी, वहीची घडी सपाट दाबून स्कॅन करा.

टंकलेखन करायचंच असेल तर फक्त युनिकोडमध्ये. कार्यालयातल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या फोनवर उघडला की नुसती चिन्हांची खिचडी दिसते.

परवानगी. मुलांची खाती उघडू नका, सगळं शिक्षकाच्या शाळेच्या खात्यात ठेवा. लिंक असलेल्या कुणालाही फोल्डर उघडण्याची मुभा बंद. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा प्रत्येक जण बालकच धरला आहे, त्यामुळे पहिल्याच पालकसभेत लेखी संमती घ्या.

इथवरचा भाग तासाभरात उरकतो. यावरच सगळा दिवस घालवणारं प्रशिक्षण ॲप वापरायला शिकवतं, त्याने मुलांचं लेखन तसूभरही हलत नाही.

खरी अडचण: मसुद्यावर काय लिहायचं

बहुतेक प्रशिक्षणं इथेच आपटतात. शिक्षकाला स्कॅन करता येतं, फोल्डर करता येतं, आणि मसुद्यावर तो लिहितो: ‘छान’, ‘शुद्धलेखन सुधारा’, ‘अक्षर नीट काढा’. मूल तोच निबंध टापटीप अक्षरात पुन्हा उतरवतं. झाले दोन मसुदे! दोन्हींत फरक फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा.

भाषणाने ही सवय जात नाही. शिक्षकांनाच लिहायला बसवा. वीस मिनिटं, हाताने, साधारण 150 शब्द. ‘माझा आवडता ऋतू’ देऊ नका. तो सगळ्यांना पाठ असतो आणि गाइडमधली वाक्यं आपोआप कागदावर उतरतात. ‘आज सकाळी इथे येतानाचा रस्ता’ असा विषय द्या, तो कुठेच तयार मिळत नाही. मग कागदांची अदलाबदल करा आणि दोन नियम फळ्यावर लिहा: पहिल्या मसुद्यावर शुद्धलेखनाची एकही खूण नाही, आणि शेरे तीनच. नेमकं कोणतं वाक्य मनाला भिडलं, वाचताना कुठे अडखळायला झालं, आणि लेखकाला एक प्रश्न.

पहिल्या नियमावर ज्येष्ठ शिक्षक हमखास उसळतात. ‘चुका तशाच राहू द्यायच्या?’ नाही, शेवटच्या मसुद्यात दुरुस्त करायच्या. पहिल्याच वाचनात लाल खुणा दिसल्या की मूल ज्या शब्दाचं ऱ्हस्व-दीर्घ येत नाही तो शब्दच टाळतं, आणि लेखन आक्रसत जातं. या मुद्द्यावर माघार घेऊ नका.

आता नाव झाकलेला एका मुलाचा कच्चा मसुदा सगळ्यांना द्या. समजा त्यात आहे: ‘आम्ही जत्रेला गेलो. खूप मजा आली.’ पहिल्या फेरीत बहुतेक जण लिहितील: ‘अधिक वर्णन करा.’ तो शेरा खोडायला लावा; काय वाढवायचं हे मुलाला त्यातून कळत नाही. त्याजागी: ‘मजा नेमकी कधी आली? पाळणा वर थांबला तेव्हा, की भावाची चप्पल हरवली तेव्हा?’ असा प्रश्न जमेपर्यंत फेऱ्या घ्या. सहसा तिसऱ्या फेरीत जमतो. यासाठी पूर्ण दीड तास राखून ठेवा.

शेरे मुलाच्या कागदावरच निळ्या पेनाने लिहायचे आणि मगच स्कॅन करायचं. आधी स्कॅन केलं तर शेरे वहीतच राहतात आणि पोर्टफोलिओत मुका मसुदा पोहोचतो.

मुलाच्या चार ओळींच्या नोंदीचंही तसंच. ‘हा लेख का निवडला?’ असं विचारलं की ‘कारण तो छान आहे’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: कोणतं वाक्य काढून टाकलंस, का? कोणता प्रश्न वाचून काय वाढवलंस? शिक्षकांनी आधी स्वतःच्या रस्त्यावरच्या लेखाला अशी नोंद जोडावी. चार ओळी लिहायला किती वेळ लागतो ते कळलं की ‘पाच मिनिटांत नोंद लिहा’ असं मुलांना सांगणं थांबतं.

गुण. फाइलींच्या संख्येवर गुण देऊ नका, नाहीतर शेवटच्या आठवड्यात चाळीस फाइली एकदम चढतात. शाळेच्या एका सत्राला तीन लेख, त्यांतला एक मुलाने निवडलेला. वेगळी नोंदवही मागितलीत तर शिक्षक पाठ फिरवतील आणि ते बरोबरच आहे. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात स्वाध्याय-वर्गकार्याचा रकाना आधीच आहे, तिथेच नोंदवा.

प्रशिक्षणाचं दुसरं सत्र. प्रत्येकाने तीन मुलांचे फोल्डर आणायचे: एक सफाईने लिहिणारं, एक मधलं, एक जेमतेम चार ओळी लिहिणारं. तपासणी तिसऱ्यापासून सुरू करा. तिथे शिक्षकाचा प्रश्न नेमका असेल तर चाराच्या सात ओळी झालेल्या दिसतात. नसेल तर त्याच चार ओळी दोनदा सापडतात, आणि त्या शिक्षकासोबत शेऱ्यांची फेरी पुन्हा घ्यावी लागते.